सुटी बाही

माझ्या काकूला सवत होती, आणि ती सवत अंडी घालायची.

वाक्य काकूचंच. पँट आखूड करायला आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकालाही ती हे तोंडात टाचण्या धरून सांगायची. हसावं की दचकावं हे त्याचं ठरेपर्यंत त्याची उंची मापून झालेली असायची. मग ती टाचण्या एकेक करून काढत पुढे सांगायची, "चोच आहे तिला. पंख आहेत. आणि आमचे हे रोज सकाळी तिच्यापुढे कमरेत वाकतात. माझ्यापुढे कधी मान तुकवली नाही माणसानं."

काकू कपडे दुरुस्त करते. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आहे, शेजारी उंच आरसा, आणि दारामागे ओळीनं खुंट्या. तिची खासियत म्हणजे कोट उलटवणं. चांगल्या कापडाचा कोट बाहेरून विटला की ती त्याची एकूण एक शिवण उसवते, झिजलेली बाजू आत घेते, आतली न वापरलेली बाजू बाहेर आणते आणि पुन्हा शिवते. माणूस जुनाच कोट घालून नवा होऊन जातो. या कामाला हल्ली कुणी हात लावत नाही, आणि काकूला त्याचा ताठा आहे.

शिकायला म्हणून मी त्यांच्या मागच्या खोलीत राहत होते. उसवण्याचं काम बहुधा माझ्याकडे यायचं.

काका लहान चणीचे. काकू उंच, रुंद खांद्यांची, दारातून येताना किंचित तिरकी होणारी. लग्नाच्या फोटोत काका पायरीवर उभे आहेत आणि काकू जमिनीवर, तरी त्यांचं डोकं जेमतेम तिच्या भुवईला लागतं. तळमजल्यावर केस कापणाऱ्या बाईंना सगळे कात्रीताई म्हणतात. त्यांना हा फोटो फार आवडतो. "वहिनी, भांडण झालं तर तुम्ही त्यांना कपाटावर बसवून ठेवत असाल," त्या म्हणायच्या. काका शांतपणे सांगायचे, "ससाण्यांमध्ये असंच असतं. मादी नराच्या सव्वापट. तिलाच अंड्यांवर बसायचं असतं, घर राखायचं असतं. नरानं आपलं चपळपणे शिकार आणून द्यायची आणि बाजूला व्हायचं."

"बघा," काकू म्हणायची, "माझ्या अंगापिंडाचं कौतुक करायलासुद्धा हिचंच उदाहरण."

काका गावाबाहेर, जुन्या पाणीपुरवठ्याच्या टाकीमागे, शिकारी पक्ष्यांच्या केंद्रात काम करत. जखमी घारी, तारांना अडकलेली घुबडं, पिंजऱ्यातून सोडवलेले ससाणे तिथे यायचे. बरे झालेले सोडले जायचे. एकीला सोडणं शक्य नव्हतं. ती बहिरी ससाण्याची मादी. कुण्या हौशी माणसानं अंड्यातून बाहेर आल्या आल्या तिला उचलून हातानं वाढवलं होतं, त्यामुळे आपण पक्षी आहोत हेच तिला ठाऊक नव्हतं. तिची जात म्हणजे माणसं. केंद्रात आली तेव्हा तिनं शेजारच्या पिंजऱ्यातल्या देखण्या नराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांना निरखून घेऊन तिनं निवडलं ते काकांना.

सगळे तिला बाईसाहेब म्हणत, आणि बाईसाहेब हा शब्द आला की क्रियापदही आपोआप आदरानं यायचं. बाईसाहेब जेवल्या, बाईसाहेब रुसल्या.

दिवस मोठे व्हायला लागले की बाईसाहेबांचा मोसम सुरू व्हायचा. ससाणे काड्या गोळा करून घरटं बांधत नाहीत. कड्याच्या कपारीत मातीवर छाती टेकून, पायांनी मागे खडे उडवत एक खळगा करतात, बस्स. केंद्रात तिच्या खोलीत फळीवर बारीक खडी पसरलेली असे. काका आत जायचे, खळग्यापाशी गुडघे टेकायचे, मान खाली घालून "इच्चप्, इच्चप्" असा आवाज काढायचे. समोरून बाईसाहेबही वाकायच्या आणि तोच आवाज काढायच्या. हे तसे नवराबायकोंचेच रीतिरिवाज. मग काका मांसाचा तुकडा पुढे करायचे. नरानं मादीला भरवायचं असतं. ते सुरू झालं की ती अंडी घालायची.

तिची अंडी अर्थातच फोल. पण ती बसायची मात्र मन लावून. म्हणून तिची अंडी हलकेच काढून तिच्याखाली दुसरी ठेवत, कुठल्या ना कुठल्या संकटातून उचलून आणलेली. ती उबवून द्यायची. निघालेली पिल्लं ससाण्यांच्या दुसऱ्या जोडप्याकडे जायची, म्हणजे त्यांना तरी आपली जात कळावी.

यात एक अडचण होती. अंड्यांवर बसलेली मादी स्वतः शिकारीला जात नाही. नर खाणं आणतो, तिला हाक मारतो, ती खाईपर्यंत आपण अंड्यांवर बसतो. अंडी झाकलेली दिसल्याशिवाय ती खळगा सोडत नाही. आणि बाईसाहेबांचा नर म्हणजे काका. रोज काकांनी आत जायचं, बोलावायचं, खाणं द्यायचं, आणि ती दूरच्या दांड्यावर बसून खाईपर्यंत आपला उजवा तळहात अंड्यांवर झाकण ठेवल्यासारखा धरून बसायचं.

काकूला हे सगळं तोंडपाठ होतं. आपण जिचा राग करतो तिच्याबद्दल आपल्याला जितकं माहीत असतं तितकं आवडत्या माणसाबद्दलही नसतं.

ती केंद्रात एकदाच गेली होती, पहिल्या वर्षी. जाळीजवळ उभी राहून तिनं काकांच्या खांद्यावर हात ठेवला मात्र, बाईसाहेबांनी आतून जाळीवर अशी झेप घेतली की काकूची चप्पल तिथेच राहिली. "तिला कळलं," काकू सांगायची. "मी कोण ते एका नजरेत कळलं तिला. बाईला बाई कळते." त्यानंतर तिनं केंद्राचं तोंड पाहिलं नाही.

पण खरा सल होता कोटाचा.

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत काकूनं काकांसाठी कोट शिवला होता. कापड दोन्ही बाजूंनी वेगळं विणलेलं, बाहेरून मोहरीसारखं पिवळं, आतून गडद राखाडी. आत स्वेटर मावावा म्हणून बाह्या ऐसपैस ठेवलेल्या. काकांनी तो कोट फिरायला घातला, पाहुण्यांकडे घातला, मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात घातला. मुलगी मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. त्याच वर्षी बाईसाहेब आल्या, आणि त्यांनी काकांना पहिल्यांदा पाहिलं ते त्या कोटात. तेव्हापासून मोसमात काका दुसरं काही घालून गेले तर त्या अस्वस्थ व्हायच्या. म्हणून कोट केंद्राचा झाला. काका रोज तो घालून जायचे, घालून यायचे, दारामागच्या पहिल्या खुंटीला लावायचे. बाह्यांवर पिसांचा भुगा असायचा.

"मी जागून जागून शिवला," काकू मला म्हणाली होती, "आणि मिरवतात तो तिच्यापुढे. माझ्याबरोबर बाहेर जायचं तर म्हणतात, असू दे, खराब होईल."

त्या वर्षी बाईसाहेबांखाली दोन अंडी होती. एका खाणीचा कडा फोडायचा होता, त्याच्या कपारीतून ती उतरवली होती. खाणवाल्यांनी सुरुंग लावायच्या आधी कळवलं, एवढंच नशीब. केंद्राचं अंडी उबवायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे सगळी भिस्त बाईसाहेबांवर. काका घरी आले तरी मनानं तिथेच असायचे. जेवता जेवता हात आपोआप ताटावर झाकणासारखा धरायचे. एकदा काकूनं वाटी पुढे केली तर म्हणाले, "हळू, ती उठेल."

काकूनं वाटी तिथेच ठेवली आणि मशीनवर जाऊन बसली. गिऱ्हाइकाचं काम नव्हतं, तरी ती रिकामं मशीन चालवत राहिली. सुई वरखाली होत होती आणि खाली कापड नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी काका पहाटे लवकर जाऊन बाईसाहेबांना पोटभर भरवून यायचे आणि मग दुसऱ्या दिवशीपर्यंत घरी असायचे. त्या सुट्टीला ते परत येऊन आडवे झाले, आणि काकूनं खुंटीवरचा कोट काढला.

"धुवायचाय?" मी विचारलं.

"उलटवायचाय," ती म्हणाली. "बाहेरून पार विटलाय. लोक काय म्हणतील, शिंपिणीचा नवरा."

"पण त्यांना तो तसाच..."

तिनं शिवण काढायचं हत्यार, उसवणी, माझ्या हातात ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेचा पेपर काढणाऱ्या माणसाचं समाधान होतं. "माणसाला ओळखते की कोटाला, बघू तरी एकदा."

मी उसवत गेले आणि ती जोडत गेली. तिचं काम असं की संध्याकाळी काका उठले तेव्हा खुंटीवर जवळपास नवा, राखाडी, कडक घड्यांचा कोट होता. काका त्याच्याकडे बघत राहिले. ते कधीच पटकन नाराज होत नाहीत, आणि बायकोनं दिवसभर खपून केलेल्या वस्तूवर तर नाहीच. "छान झालाय," ते म्हणाले. आणि मग स्वतःशीच, "इतक्या वर्षांनी तिला माझा चेहरा तर ठाऊकच असेल."

काकूनं दोरा दातानं तोडला. "असेलच की. एवढं वाकता तिच्यापुढे."

दुसऱ्या दिवशी काका नेहमीपेक्षा लवकर परत आले. उजवा हात पांढऱ्या पट्टीत कोपरापर्यंत गुंडाळून गळ्यात अडकवलेला. राखाडी कोट डाव्या खांद्यावर टाकलेला, त्याच्या उजव्या बाहीवर काळपट डाग. काकू मशीनवरून इतक्या जोरात उठली की स्टूल पडलं.

"काय झालं? पडलात? अहो, बोला ना!"

"ती उठली गं," काका म्हणाले. "अंडी उघडी टाकून उठली. मी आत पाय टाकला आणि ती थेट अंगावर आली."

"हाताचं बोला आधी."

"टाके पडलेत. डॉक्टरांनी आत जायला बंदी केली आहे. पण अंडी, अगं... परत जाऊन बसली ती लगेच, पण आता कुणालाच बोलावून येत नाही. सकाळपासून खाल्लं नाही. अशीच उपाशी राहिली तर उद्या उठून जाईल. मग संपलंच."

काकूनं त्यांना खुर्चीत बसवलं, पट्टीची कड उचलून आत डोकावली आणि म्हणाली, "ही काय शिलाई आहे? दोन टाक्यांमधे बैलगाडी जाईल."  तिला जे बघायचं होतं ते तिनं बघितलं होतं. बाईसाहेबांनी काकांना ओळखलं नव्हतं. जिंकणं असं दिसत असेल हे तिला माहीत नव्हतं.

काकांनी तिला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, तिला भांडता आलं असतं. ते फक्त दारामागच्या रिकाम्या खुंटीकडे बघत होते.

"कोट आणा इकडे," काकू म्हणाली. "आणि तू उसवणी घे. उभी काय राहिलीस?"

कालची सगळी शिवण आज उलट दिशेनं गेली. उसवलेल्या कापडाची किनार दोनदा सुटली की तिचे दोरे निघायला लागतात, त्यामुळे काकू शिव्या देत होती. कुणाला देत होती ते कळायला मार्ग नव्हता. "मेली! एवढं काय त्या पिवळ्यात? अं? मी शिवला म्हणून आवडतो तुला. मला विचारलंस का कधी?" मशीन धावत होतं. पाठ जोडली, पुढचे पल्ले जोडले, डावी बाही बसली. तेवढ्यात केंद्रातून पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बाईसाहेब अजून बसून आहेत, पण मान पुन्हा पुन्हा दाराकडे वळवतात, मधेच अर्ध्या उठून बसतात. लवकर या. उजवी बाही मशीनवर शिवायला वेळ नव्हता. काकूनं तिला हातानं कच्चा टाका घातला, कोट काकांच्या खांद्यावर टाकला आणि आपली चप्पल शोधू लागली.

"तू येतेस?" काका म्हणाले.

"सुई-दोरा घेऊन येते. बाही गळली रस्त्यात तर?"

केंद्रातली बाईसाहेबांची खोली म्हणजे लाकडी भिंतींची, वरून जाळीची, खोक्यासारखी जागा. पुढच्या भिंतीत माणसाचा चेहरा मावेल एवढी खिडकी. मागच्या भिंतीत, बरोबर खळग्यामागे, हात जाईल एवढी झडप. अंडी तपासायची असली की काका त्या झडपेतून हात घालायचे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सडपातळ, घाबरलेल्या. त्यांनी सांगितलं ते असं. काकांनी आत जायचं नाही, ते पुढच्या खिडकीतून चेहरा दाखवतील, बोलावतील, डाव्या हातानं खाणं देतील. पण अंडी कोण झाकणार? झाकलेली दिसल्याशिवाय बाईसाहेब उठणार नाहीत. मागच्या झडपेतून कुणीतरी हात घातला पाहिजे. "मी घालून बघितला मघाशी," त्या म्हणाल्या आणि मनगटावरचा लाल ओरखडा दाखवला. "मी इंजेक्शन देते ना. माझा हात ओळखतात त्या. इथल्या सगळ्यांचेच हात ओळखतात, प्रत्येकानं कधी ना कधी पकडलंय त्यांना."

 मग काका हळूच म्हणाले, "हिच्या हातानं तिला कधी पकडलं नाही."

"माझा?" काकू म्हणाली. "डोळे काढेल ती माझे!"

"डोळे भिंतीमागे राहतील, वहिनी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त हात. पण बाही हवी. बाही ओळखीची हवी."

आता कोट एक आणि जागा दोन. पुढच्या खिडकीत काका पिवळ्या कोटात दिसायला हवेत, आणि मागच्या झडपेतून पिवळी बाही आत जायला हवी. डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. काकूनं एकदा कोटाकडे बघितलं, एकदा काकांच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे. मग ती पुढे झाली, उजव्या खांद्याशी कच्च्या टाक्याचं टोक नखानं उचललं आणि ओढलं. एका ओढीत दोरा सरसरत निघाला आणि बाही तिच्या हातात आली.

"तुम्हाला तशीही नकोच आहे," ती म्हणाली.

बाही तिच्या दंडाला अगदी बेतानं बसली. ऐसपैस बाह्या ठेवल्याचा इतक्या वर्षांनी असा उपयोग झाला.

ती मागच्या भिंतीशी मातीत गुडघे टेकून बसली. बरोबर आलेली मी तिच्यामागे. फळ्यांमधल्या एका फटीतून आम्हाला आतलं दिसत होतं. बाईसाहेब खळग्यात पसरून बसल्या होत्या, निळसर करड्या पाठीच्या, गालांवर काळे कल्ले ओघळल्यासारखे. त्यांची मान दाराकडे. त्या दाराकडून नजर काढत नव्हत्या. कुठेतरी पाऊल वाजलं की गळ्याची पिसं हलायची आणि पुन्हा खाली बसायची.

"अगं बाई," काकू पुटपुटली. "ही तर वाट बघतेय."

त्या आवाजात दया नव्हती. आपल्याच मालकीची वाटलेली एखादी वस्तू दुसरीच्या घरात दिसावी तसा तो आवाज होता. मुलगी लहान होती तेव्हा काका उशिरा यायचे, आणि काकू घरी खिडकीशी मशीन बंद करून जिन्यावरची पावलं ऐकत बसायची, हे तिनं मला कधीतरी सांगितलं होतं. तिला वाटत होतं, वाट बघणं तरी आपलं एकटीचं आहे.

समोरच्या खिडकीत काकांचा चेहरा आला, खाली पिवळा पल्ला. "इच्चप्," ते म्हणाले आणि वाकले.

बाईसाहेबांनी डोकं तिरकं केलं. बराच वेळ तसंच ठेवलं. मग त्याही वाकल्या. "इच्चप्."

"झालं सुरू," काकू दात-ओठ खात म्हणाली.

"हात," मी कुजबुजले.

तिनं झडप उचलली आणि हात आत सरकवला. बाईसाहेबांची मान गर्रकन मागे वळली. काळाभोर डोळा बाहीवर थांबला. काकूनं श्वास धरला, मीही. तिकडे काकांनी पुन्हा हाक मारली. त्या उठल्या. उठताना त्यांनी पायांच्या बोटांच्या मुठी केल्या, नख्या आत वळवून, लहान मुलानं पायमोजे घालून चालावं तशा त्या अंड्यांमधून बाहेर पडल्या. ज्या नख्यांनी काकांचा हात फाडला होता त्याच त्या. काकूनं ते बघितलं. तिनं अंड्यांवर तळहात पसरला.

बाईसाहेबांनी काकांच्या डाव्या हातातून मांस घेतलं, दूरच्या दांड्यावर गेल्या, आणि अधाशासारख्या खाऊ लागल्या.

"गरम आहेत," काकू म्हणाली. मला नाही, कुणालाच नाही. "इस्त्रीखालून काढलेल्या कापडासारखी."

खाऊन झाल्यावर बाईसाहेबांनी दांड्यावर चोच पुसली आणि परत आल्या. ठरलेलं असं होतं की त्या खळग्याशी पोहोचल्या की हात मागे घ्यायचा. पण हे पहिल्यांदाच करणाऱ्याला इतकं वेळेवर जमत नाही. काकूचा हात जरा रेंगाळला. बाईसाहेब मुठी वळून खळग्यात शिरल्या, पोटाची पिसं फुलवली, डावीकडे उजवीकडे डुलल्या, आणि बसल्या.

समोरच्या खिडकीतून काकांना फक्त त्यांचं डोकं दिसत होतं. "बसली का?" त्यांनी हळूच विचारलं.

"बसली," काकू म्हणाली.

"हात काढलास?"

"नाही."

"मग बसली कुठे?"

"माझ्यावर."

खिडकीतला चेहरा निश्चल झाला. "हलू नकोस," काका म्हणाले. "अजिबात हलू नकोस. ती अंडी फिरवायला उठेल तेव्हा काढ."

ते लवकर झालं नाही. काकू मातीत गुडघे टेकून, गाल फळीला लावून बसून राहिली. अंडी उबवणाऱ्या मादीच्या पोटावर पिसं नसलेली जागा असते, नुसती ऊन कातडी. ती काकूच्या हाताच्या पाठीवर टेकली होती आणि तळव्याखाली अंडी होती. मी तिचा चेहरा बघत होते. तो आधी भ्यालेला होता, मग अवघडलेला. मग त्यावरून जे सरकत गेलं ते मला नीट सांगता येत नाही. ती डोळे मिटून बसली होती आणि तिच्या पापण्या ओल्या होत्या, तरी कपाळावर आठी होती.

बाईसाहेब उठल्या, चोचीनं एक अंडं आपल्याकडे ओढून फिरवलं, आणि काकूनं हात काढून घेतला. तो लालसर झाला होता. ती उठली, गुडघे न झटकता भिंतीला वळसा घालून पुढे गेली आणि काकांसमोर उभी राहिली.

काका उजळलेले होते. "जमलं! अगं, तू तर..."

"इतकी वर्षं," काकू म्हणाली. "इतकी वर्षं हे तुम्ही एकट्यानं घेतलंत?"

"काय?"

"ही ऊब. घरी येऊन काय सांगायचात? बाईसाहेब जेवल्या. बाईसाहेब रुसल्या. हे नाही सांगितलंत कधी."

"कसं सांगायचं ते?" काका म्हणाले.

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "लपवून ठेवलंत."

त्या दिवसापासून काकूनं सवत हा शब्द टाकला. गिऱ्हाइकांना ती आता काकांबद्दल सांगायची, की वरवर साधा दिसणारा माणूस किती आतल्या गाठीचा असतो. रोज सकाळी दोघं एकत्र केंद्रात जायची, बरोबर बहुधा मीही. काका एकाच बाहीच्या कोटात खिडकीत वाकायचे, काकू झडपेशी बसायची. परतताना बसमध्ये काका विचारायचे, "आज कशी होती?" काकू खिडकीबाहेर बघत म्हणायची, "आमचं आमच्यात."

कात्रीताईंनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातलं गिऱ्हाईक अर्धं राहिलं. "म्हणजे आता सवत तुम्ही दोघी नाही, ते झाले?"

"त्यांनी ठरवावं काय व्हायचं ते," काकू म्हणाली.

काकांच्या हाताचे टाके निघाले. ते बोटं हलवून दाखवू लागले, मूठ वळून दाखवू लागले. "उद्यापासून मी जाईन आत," असं त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. काकूनं त्यांचा हात उजेडात धरला, शिवणीवर बोट फिरवलं आणि निकाल दिला, "कच्ची आहे. ताण पडला तर उसवेल." त्यांचा हात कधी बरा होणार हे डॉक्टर नव्हे, शिंपीण ठरवत होती. काकांनी डॉक्टरीणबाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, "बाईसाहेबांचं बस्तान बसलंय, आता बदल नको." काका घरी आले आणि बाईसाहेब रुसल्यावर बसतात तसे मान खांद्यात घालून बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हेवा करताना पहिल्यांदा पाहत होते. त्यांना ते नीट जमत नव्हतं. काकूकडे बघून ते शिकत असावेत.

अंडी फुटायचे दिवस जवळ आले. एक अंडं डॉक्टरीणबाईंना आधीच संशयास्पद वाटत होतं, उजेडासमोर धरलं तर आत काही हलत नव्हतं. उरलं एकच. दरवर्षी या दिवसांत काका अंड्यावर हात ठेवून आतली पहिली टकटक ऐकण्यासाठी जीव टाकायचे. कवच फोडण्याआधी पिल्लू आतून चोचीनं ठोकतं. ते हाताला कळतं, कानाला नंतर.

त्या सकाळी काकू झडपेतून हात काढून उठली तेव्हा तिचा चेहरा एकदम सपाट होता. मी तिला ओळखते. गिऱ्हाइकानं विसरलेलं काही खिशात सापडलं आणि ते परत करायच्या आधी एकदा आपल्याजवळ धरून बघायचं असलं, की ती अशी सपाट होते.

"काही हालचाल?" काकांनी विचारलं.

"कसली?"

"आतून काही..."

"खाल्लं तिनं नीट," काकू म्हणाली.

 घरी येऊन तिनं पिवळी बाही आपल्या खुंटीला लावली. हो, बाही तिनं कोटाला परत जोडली नव्हतीच. वरच्या टोकाला लवचीक पट्टी घालून, आतून नवं कापड लावून तिनं तिची स्वतंत्र वस्तू करून टाकली होती, आणि काकांच्या कोटाला साध्या कापडाची दुसरी बाही बसवून दिली होती. मग ती मशीनवर बसली. दिवसभर काका मधून मधून पुढच्या खोलीत यायचे, तिच्याकडे बघायचे, परत जायचे. एकदा तर त्यांनी विचारलंही, "नक्की काही नाही?" आणि काकूनं मशीनचं चाक इतक्या जोरात फिरवलं की उत्तर ऐकूच येऊ नये.

संध्याकाळी जेवणं झाली. काका ताटावर तळहात झाकून बसले होते, जुन्या सवयीनं. पण त्या हातात आता काहीच नव्हतं. काकू त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं तो उचलला, उलटा केला, टाक्यांची नवी गुलाबी रेघ वर आली तिथून आपलं बोट हळूच तळव्याच्या मध्यावर आणलं.

आणि नखानं ठोकलं. एकदा. थांबून, दोनदा.

काकांनी वर बघितलं. 

"सकाळपासून," काकू म्हणाली. "उद्या तुम्ही घाला हात. बाही मी देते." आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमललं ते बघून तिनं ताबडतोब जोडलं, "परत द्यायची मात्र."